शिखरं 19, अ‍ॅड-इन म्हणतं 21

लंबकाच्या प्रयोगाची फाइल उघडली की मुलांचा प्रश्न ठरलेला: “मॅडम, शिखरं हातानेच वेचायची?” एक मीटरचा लंबक, सेकंदाला 50 वेळा कोन नोंदवणारा सेन्सर आणि 40 सेकंद. झाल्या 2000 ओळी. म्हणून स्प्रेडशीटमध्ये शिखरं-दऱ्या (आलेख वर चढून वळतो आणि खाली उतरून वळतो त्या नोंदी) शोधून देणारं एक अ‍ॅड-इन, म्हणजे वरून जोडायचं छोटं साधन, महिनाभर वापरून पाहिलं. नाव सांगत नाही, कारण यातल्या खोडी अशा बऱ्याच अ‍ॅड-इनमध्ये सापडतील.

पहिल्याच क्लिकला 143 शिखरं! लंबकाचं एक आंदोलन साधारण 2 सेकंदांचं, मग 40 सेकंदांत 143 कुठून येणार? सेटिंगमध्ये ‘शेजारी’ 1 होते. म्हणजे वरच्या-खालच्या एकेका ओळीपेक्षा मोठी दिसली की ती नोंद शिखर. सेन्सरचा शेवटचा अंक जरा थरथरला तरी एक शिखर जमा. शेजारी 25 केले, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा सेकंद, आणि आकडा 21 वर आला.

आलेखावर बोट ठेवून मोजली तर 19. जादाची दोन म्हणजे पहिली ओळ आणि शेवटची ओळ. लंबक टोकापासून सोडला होता, त्यामुळे पहिली नोंद मोठी असणारच. पण तिच्या आधी काय होतं हे माहीत नसताना तिला शिखर कसं म्हणायचं? टोकं वगळायची सोय मला कुठेच सापडली नाही. दऱ्या मात्र बरोबर 20.

एक गोष्ट खरंच आवडली. सेन्सर 0.1 अंशाच्या पायरीने मोजतो, त्यामुळे माथ्यावर चार-पाच ओळी सारख्याच येतात. अ‍ॅड-इन त्यांतली मधली उचलतं. हे सूत्रात बसवणं कटकटीचं आहे.

चिडले ती ‘गुळगुळीत करा’ या खुणेवर. 25 नोंदींची चालती सरासरी (प्रत्येक नोंदीच्या जागी तिच्या आसपासच्या 25 नोंदींची सरासरी) घेतली की 10 अंशांचं शिखर 9 वर बसतं, आणि तक्त्यात हाच 9 छापला जातो, मूळ आकडा नाही. सगळी शिखरं सारख्याच प्रमाणात खाली येतात, म्हणून क्षयाचं गुणोत्तर (एका शिखरापासून पुढच्यापर्यंत कोन किती पटीने घटतो ते) बिघडत नाही. पण आयाम (झोक्याचा सर्वांत मोठा कोन) म्हणून 9 लिहिणाऱ्या मुलाचे गुण मी कापले आणि नंतर चूक कुणाची ते कळलं. (गुण परत दिले.)

आता अहवालासाठी एक्सेलमधलं साधं सूत्रच चालवते. बी30 ही नोंद बी5 ते बी29 मधल्या ‘मॅक्स’पेक्षा मोठी हवी, आणि बी31 ते बी55 मधल्या ‘मॅक्स’पेक्षा मोठी किंवा तेवढीच. तसं असेल तर ती नोंद, नाहीतर ‘एनए’, म्हणजे ‘इथे आकडा नाही’ अशी एक्सेलची खूण. रिकामं ठेवलं तर आलेखावर शून्याची रांग लागते, ‘एनए’ने लागत नाही. डावीकडे ‘तेवढीच’ चालवायची नाही, नाहीतर सपाट माथ्याची चार शिखरं होतात. सुरुवातीच्या आणि शेवटच्या 25 ओळींत सूत्र ओढायचंच नाही, टोकांचा प्रश्न तिथेच मिटतो. दऱ्यांसाठी ‘मिन’ आणि चिन्हं उलटी.

अ‍ॅड-इन काढलेलं नाही. नवी फाइल आली की झटपट नजर टाकायला बरं आहे, शेजारी 25 करून आणि गुळगुळीतची खूण काढून. पाचपैकी अडीच तारे. त्यातला एक त्या मधल्या ओळीसाठी.