हरणांच्या फीडरचा टायमर: घड्याळ बदलतं तेव्हा कोणता कामाचा, कोणता त्रासाचा

टेक्सासात हरणांचा सर्वसाधारण हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि अमेरिकेतली मार्चमध्ये तासभर पुढे केलेली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला एक तास मागे जातात. म्हणजे बहुतेक वर्षी हंगामाच्या दुसऱ्याच दिवशी घड्याळ बदलतं. १ नोव्हेंबरला रविवार आला तरच, जसा २०२६ मध्ये आहे, घड्याळ आधी बदलतं आणि हंगाम सहा दिवसांनी सुरू होतो. शिवाय ऑस्टिनच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ हिल कंट्रीच्या बऱ्याच भागात हरणांच्या माजाचा काळही नोव्हेंबरातच येतो. अशा ऐन वेळी फीडर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप मका उडवणारं पिंप, चुकीच्या वेळेला मका टाकू लागला, तर वर्षभराची तयारी वाया जाते.

हे परीक्षण त्या फीडरच्या टायमरचं आहे. ऑस्टिन, सॅन अँटोनियो, ह्यूस्टनकडे राहून बाहेर थोडी जमीन घेतलेल्या किंवा शिकारीची लीज (शिकारीसाठी भाड्याची जमीन) घेतलेल्या मराठी वाचकांना ते उपयोगी पडेल. शिकार न करणाऱ्यांनाही पडेल. टेक्सासात आधीपासून शेती-मूल्यांकन असलेल्या (म्हणजे बाजारभावाऐवजी शेतीच्या हिशोबाने कर लागणाऱ्या) जमिनीला वन्यजीव व्यवस्थापनाखाली तीच करसवलत चालू ठेवता येते. त्यासाठी सातपैकी किमान तीन कामं करावी लागतात. पूरक खाद्य आणि प्राण्यांची गणना ही त्यातलीच दोन. (महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणांची शिकार बंद आहे. इथलं सगळं टेक्सासपुरतं समजावं. अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यात असाल तर आमिष टाकायला परवानगी आहे का, हे आधी तपासा.)

आधी मूळ प्रश्न. नोव्हेंबरात टायमरचं घड्याळ मागे करावं का? आमचं स्पष्ट मत आहे की करू नये. हरीण उजेडावर चालतं, भिंतीवरच्या घड्याळावर नाही. ऑस्टिनच्या आसपासचं उदाहरण घ्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, घड्याळ बदलायच्या आदल्या दिवशी, सूर्य साधारण ६:४४ ला मावळतो. फीडर संध्याकाळी ५:४५ ला लावलेला आहे, म्हणजे सूर्यास्ताच्या तासभर आधी. रविवारी तुम्ही टायमरचं घड्याळ तासभर मागे केलंत आणि खाद्याची वेळ ५:४५ तशीच ठेवलीत, की मका पडणार ऐन सूर्यास्ताला, कारण आता सूर्य ५:४३ च्या सुमारास मावळतो. कायद्याने शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. हरणं आवाज ऐकून, वाऱ्याचा वास घेत, कडेला थांबून मग फीडरखाली येतात. तोवर अंधार झालेला असतो आणि मका खातात रकून आणि रानडुकरं. टायमरला हात लावला नसता तर त्याच्या लेखी ५:४५, म्हणजे नव्या वेळेने ४:४५ ला मका पडला असता. हरणांच्या दृष्टीने अगदी कालच्यासारखा.

सकाळचं गणित उलट आहे. सकाळी ७:१५ ला लावलेला फीडर जुन्या वेळेत सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, काळोखातच चालत होता. घड्याळ मागे केलं की तोच सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने चालतो. त्यामुळे सकाळी बसणाऱ्याला वाटतं की घड्याळ बदलून बरंच झालं. पण तो फायदा घड्याळ बदलल्याचा नाही, आधीची वेळच चुकीची लावलेली होती.

म्हणून सोपा मार्ग असा: टायमरचं घड्याळ एकदाच हिवाळी प्रमाणवेळेवर लावा आणि बारा महिने तसंच ठेवा. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरात ‘सीएसटी (मध्य प्रमाणवेळ), वर्षभर’ असं लिहून चिकटवा, नाहीतर लीजवरचा दुसरा कुणीतरी भल्या हेतूने घड्याळ ‘दुरुस्त’ करून ठेवेल. उन्हाळ्यात टायमर तुमच्या मनगटापेक्षा एक तास मागे दिसेल, इतकंच लक्षात ठेवायचं. झाडावरच्या ट्रेल कॅमेऱ्यालाही (प्राणी हलला की आपोआप फोटो काढणाऱ्या) हीच वेळ द्या. फोटोवरची वेळ आणि टायमरची वेळ एक असली तर फीडर खरंच कधी चालला, हे कॅमेराच सांगतो.

बदलायचं असेल तर खाद्याची वेळ बदला, आणि तीही मुख्यतः सकाळची. ऑस्टिनला नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्योदय प्रमाणवेळेने ६:४६ च्या सुमारास होतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ७:२८ ला. म्हणजे हंगामभरात सकाळ चाळीसेक मिनिटांनी सरकते. संध्याकाळ मात्र जवळजवळ तिथेच राहते: नोव्हेंबरात ५:४३, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाच, जानेवारीत पुन्हा ५:४२. संध्याकाळचं ४:४५ पूर्ण हंगाम चालतं. सकाळी ७:०० ने सुरुवात करून डिसेंबरच्या मध्याला ७:३० आणि जानेवारीत ७:४० केलं की पुरे. मका भरायला जाल त्याच फेरीत हे होतं.

आता टायमर. बाजारात तीन जाती आहेत.

पहिला म्हणजे साधा डिजिटल घड्याळाचा टायमर. मॉल्ट्री, अमेरिकन हंटर यांसारख्या कंपन्यांचे असे किट अकॅडमी, ट्रॅक्टर सप्लाय अशा दुकानांत मिळतात: मोटर, फिरती थाळी, टायमर आणि डबा एकत्र. हाच आमचा पहिला पसंतीचा प्रकार. घेताना चार गोष्टी बघा. दिवसाला किमान चार वेळा लावता याव्यात. प्रत्येक वेळेचे सेकंद वेगळे ठरवता यावेत. पडद्यावर बॅटरीचा व्होल्टेज दिसावा, नुसतं बॅटरीचं चित्र नको. आणि बॅटरी काढल्यावर खाद्याच्या वेळा लक्षात राहाव्यात. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि खोक्यावर ते अनेकदा लिहिलेलंच नसतं. दुकानदाराला विचारा, नाहीतर घरी टेबलावर जोडून, बॅटरी काढून, पुन्हा लावून बघा. जागेवर नेण्याआधी घरी सगळं लावून दोन दिवस चालवून पाहणं कोणत्याही किटसाठी फायद्याचं.

लावायची पद्धत बहुतेकांची सारखीच. आधी बॅटरी जोडा, लाल तार धनाला, काळी ऋणाला. उलटी जोडली तर बरेचसे सर्किट बोर्ड जागीच जळतात. मग घड्याळ लावा आणि एएम-पीएम दोनदा बघा. फीडर रात्री चालतो अशा तक्रारींमागे बहुधा हेच निघतं. त्यानंतर खाद्याच्या वेळा आणि सेकंद. न वापरलेल्या वेळा बंद करा, शून्य सेकंद करून सोडू नका. काही टायमरांत कारखान्याने आधीच भरलेल्या वेळा असतात, त्याही पुसा. शेवटी टेस्टचं बटण दाबा आणि लांब व्हा. साधारण दहा सेकंदांनी थाळी फिरते, आणि तिच्या कडेने बोट कापलं जाऊ शकतं.

घड्याळ बदलायचंच ठरवलं असेल तर एक खुबी लक्षात असू द्या. सकाळचा मका ७:०० ला पडून गेला आणि ७:१० ला तुम्ही घड्याळ ६:१० केलंत, तर तासाभरात पुन्हा ७:०० वाजतील आणि फीडर दुसऱ्यांदा चालेल. मार्चमध्ये उलट होतं: ६:३० चं ७:३० केलं की मधली ७:०० ची वेळ उडी मारून जाते आणि त्या दिवशी सकाळी काहीच पडत नाही. दुपारी बदल केला की दोन्ही टळतं.

सेकंदांचं प्रमाण अंदाजाने ठरवू नका. थाळीभोवती प्लॅस्टिकची मोठी पिशवी बांधा, पाच सेकंद चालवा आणि पडलेला मका वजन करा. समजा दोन पौंड निघाले. दिवसातून दोनदा म्हणजे चार पौंड. पंचावन्न गॅलनच्या पिंपात साडेतीनशे पौंड, म्हणजे ५० पौंडांची सात पोती भरली, तर ती जवळजवळ तीन महिने जातील. प्रमाण जास्त वाटलं तर आधी सेकंद कमी करा, मग नरसाळं आणि थाळी यांतली फट बघा. फट फार मोठी असली की वाऱ्याने फीडर हलला तरी दाणे गळतात. फार लहान असली की ओल धरलेला मका अडकतो. आणि मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्केच असतात. तो हरणांना बोलावण्यासाठी आहे, पोषणासाठी नाही. करसवलतीसाठी पूरक खाद्य दाखवायचं असेल तर जास्त प्रथिनांच्या गोळीखाद्याचा वेगळा फीडर हवा.

टायमरचं घड्याळ आपोआप १२:०० वर जाऊन लुकलुकत असेल, तर टायमर बिघडला असं लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते. मक्याचा भुगा साचून थाळी जड झाली असेल तर आणखीच. बॅटरी कमजोर असली की त्या क्षणी व्होल्टेज इतका खाली येतो की टायमरची चिप बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि घड्याळ शून्यावर येतं. तुम्ही पाहता तेव्हा मोटर थांबलेली असते, व्होल्टेज पुन्हा वर आलेला असतो आणि सगळं ठीक दिसतं. म्हणून मोटर फिरत असतानाच मीटर लावून बघा. भरलेली ६ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आरामात असताना ६.३ ते ६.४ दाखवते. ६ च्या खाली आली असेल तर ती चार्ज करा किंवा बदला.

सोलर पॅनेल बॅटरीइतक्याच व्होल्टचं घ्या. ६ च्या बॅटरीवर १२ चं पॅनेल लावलं तर ती उकळून मरते. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण तीस अंश ठेवा, कारण ऑस्टिनचा अक्षांशही तेवढाच आहे. ओकच्या सावलीत लावलेलं पॅनेल डिसेंबरात बॅटरी भरत नाही.

मुंग्यांचं काय करायचं तेही टेक्सासात सांगावंच लागतं. फायर अँट टायमरच्या डब्यात घर करतात आणि बोर्डावर माती आणून भरतात. तारा जिथून आत जातात ते छिद्र सिलिकॉनने बंद करा, तिपाईच्या पायांजवळचं वारूळ मोडा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ती बेकिंग सोड्याच्या पाण्याने ब्रशने साफ करून, कोरडं करून, वरून ग्रीस लावा. स्वस्त टायमरचं क्वार्ट्झ कडक उन्हात तापलेल्या डब्यात दिवसाला दोन-तीन सेकंद मागे पडू शकतं. तीन महिन्यांत चारेक मिनिटं. हरणांना त्याने काही फरक पडत नाही, पण कॅमेऱ्याशी वेळ जुळत नसेल तर कारण हे असतं.

दुसरा प्रकार फोटोसेलचा. यात घड्याळच नाही. उजाडताना आणि मावळताना बदलणारा प्रकाश ओळखून तो चालतो. घड्याळबदलाचा प्रश्न मुळातच उरत नाही म्हणून बरेच जण याकडे वळतात. पण संध्याकाळी तो उजेड गेल्यावर चालतो आणि आपल्याला मका त्याच्या तासभर आधी हवा असतो. दाट झाडीत वेळ आणखी ढळते, काळं वादळी आभाळ आलं की भर दुपारीही चालू शकतो, आणि सेन्सरवर कोळ्याचं जाळं किंवा धूळ बसली की सगळं बिघडतं. नुसतं खाद्य पडत राहावं एवढंच हवं असेल तर ठीक. शिकारीसाठी किंवा गणनेच्या फोटोंसाठी आम्ही घेणार नाही.

तिसरा ॲपवाला. ब्लूटूथचा असेल तर फीडरच्या जवळ जावंच लागतं, फक्त शिडी चढणं वाचतं. मोबाइल नेटवर्कवरचा असेल तर घरबसल्या वेळ बदलता येते, पण महिन्याचं शुल्क येतं आणि हिल कंट्रीच्या दऱ्यांमध्ये सिग्नल मिळेलच असं नाही. घड्याळबदलाच्या दृष्टीने यातला धोका असा की बरीच ॲप फोनशी जोडणी झाली की टायमरची वेळ फोनप्रमाणे करून टाकतात. तुम्ही शांतपणे प्रमाणवेळ लावून ठेवलेली असते, आणि जुलैत बॅटरी बघायला ॲप उघडलं की ती गेली. आपोआप वेळ घेण्याची सोय बंद करता येते का, हे खरेदीआधी बघा. बंद होत नसेल, पण ॲपमध्ये शहर निवडून वेळक्षेत्र ठरवता येत असेल, तर कॅनडातलं रेजिना निवडा. सस्कॅचेवानच्या या राजधानीत वर्षभर मध्य प्रमाणवेळच असते, घड्याळ बदलत नाही. टेक्सासातल्या एल पासो आणि हडस्पेथ काउंटी मात्र तासभर मागे असलेल्या माउंटन वेळेत येतात. तिथल्यांनी त्याच कारणासाठी फिनिक्स निवडावं.

जुन्या फीडरवर नवं किट बसवणार असाल तर पिंपाच्या तळाच्या छिद्राचा व्यास आणि बोल्टमधलं अंतर मोजून त्याचा फोटो फोनमध्ये घेऊनच दुकानात जा. सप्टेंबरातच घेतलं तर बदलून घ्यायला वेळ मिळतो. ऑक्टोबरच्या शेवटी शेल्फवर उरलेल्या खोक्यांत कुणीतरी परत केलेलं किट हाती येऊ शकतं, तेव्हा सील तपासा आणि मोटरचा आवाज घरीच ऐकून घ्या.