सेमिनोमा स्टेज १: नुसतं फॉलोअप की एक केमो?

माझ्या मावसभावाला २९ व्या वर्षी टेस्टिकलमध्ये गाठ आली, दुखत नव्हती म्हणून पठ्ठ्याने चार महिने घरी सांगितलंच नाही, मग एका डॉक्टरने इन्फेक्शन म्हणून दोनदा अँटिबायोटिक्स दिले, आणि सोनोग्राफीत एका दिवसात कळलं. या गाठीला वरून सुई टोचत नाहीत हां, जांघेतून चीर देऊन अख्खं टेस्टिकलच काढतात.

रिपोर्ट सेमिनोमा (टेस्टिकलच्या कॅन्सरचा एक प्रकार), सीटी क्लिअर, म्हणजे स्टेज १, बाहेर कुठे पसरलेलं नाही. आता पुढे काय, तुम्ही ठरवा म्हणाले.

नुसतं फॉलोअप, म्हणजे औषध न घेता ठरल्या वेळी सीटी वगैरे तपासण्या, घेतलं तर १०० पैकी साधारण १५ ते २० जणांना परत येतं, बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत, पोटामागच्या लिम्फ नोड्समध्ये. टेस्टिकलमधली गाठ ४ सेंमीपेक्षा मोठी असेल तर चान्स जास्त. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा एक डोस घेतला तर हाच आकडा ५ च्या आसपास येतो, तासाभराचं सलाईन, थोडी मळमळ, नंतर प्लेटलेट्स उतरतात. पण जगण्याचा आकडा दोन्हीकडे ९९ टक्क्यांच्या घरातच, कारण परत आलं तरी बीईपी केमोने (तीन औषधांची, जास्त कडक केमो) बहुतेक बरे होतात, म्हणून माझ्या मते ज्याला वेळेवर सीटीला जाता येतं त्याने उगाच केमो घेऊ नये, पाचातल्या चौघांना ती लागणारच नसते. भाऊ पुण्यातच, त्याने फॉलोअप घेतलं. त्याच्या ओळखीचा एक जण मर्चंट नेव्हीत, सहा-सहा महिने बोटीवर, त्याने डोस घेतला आणि बरोबर केलं (फॉलोअप त्यालाही सुटला नाही, फक्त धाकधूक कमी). रेडिएशन पण चालतं, पण पुढे दुसऱ्या कॅन्सरची रिस्क, म्हणून आता मागे पडलंय.

एक मात्र बघा, एएफपी (रक्तात तपासतात तो ट्यूमर मार्कर) वाढलेलं असेल तर पॅथॉलॉजी काहीही म्हणो, नॉनसेमिनोमा, म्हणजे टेस्टिकलच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार, धरून चालतात, शुद्ध सेमिनोमा एएफपी बनवत नाही. तिथे फॉलोअपवर ३० टक्क्यांच्या आसपास परत येतं आणि रक्तवाहिनीत घुसलेलं दिसलं तर निम्म्यांना, तेव्हा एक बीईपी घ्यायला मी पण नाही म्हणणार नाही.

आणि स्पर्म बँकिंग (पुढे मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवणं) आधी विचारा, शक्यतो ऑपरेशनच्याही आधी. आमच्याकडे कोणी सुचवलंच नाही, त्यानेच लाजत लाजत विचारलं, तर काउंटरवरच्या मुलीने पार्किंगची पावती द्यावी तसा फॉर्म पुढे सरकवला.