स्लाइड रिव्ह्यू सेवा : पाचपैकी चार तारे

मावशीच्या पोटाच्या बायोप्सीवर दुसरं मत हवं होतं, म्हणून स्लाइड आणि ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून जपलेला ठोकळा) घेऊन एका कॅन्सर रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात गेलो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ही सोय बऱ्याच मोठ्या ठिकाणी असते, आणि ती आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं.

मावशीला बऱ्याच वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता, लोब्युलर प्रकारचा, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींशी नातं सांगणारा. ऑपरेशन, रेडिएशन, हॉर्मोनच्या गोळ्या, सगळं रीतसर झालं आणि फाइल माळ्यावर गेली. आता चार घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, मळमळायचं, वजन उतरत चाललेलं. पहिल्या एंडोस्कोपीत अस्तर स्वच्छ दिसलं, बायोप्सीही नॉर्मल आली, मग ॲसिडिटीच्या गोळ्या. दुसऱ्या वेळी जरा खोलवरचा तुकडा घेतला. रिपोर्ट आला : जठराचा कॅन्सर, सिग्नेट रिंग (खड्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या) पेशी. लगेच जठर काढायची भाषा सुरू झाली. बायोप्सीसोबत गेलेल्या कागदावर ‘मळमळ, वजन कमी’ एवढंच लिहिलेलं होतं. स्तनाचा उल्लेखच नाही.

इथल्या काउंटरवरच्या बाईंनी स्लाइड हातात घ्यायच्या आधीच विचारलं, “यांना पूर्वी कुठला कॅन्सर झाला होता का?” मी सांगितलं. “मग तो जुना ब्लॉक आणा. जुना रिपोर्ट तर हवाच.” पहिला तारा या बाईंना.

जुना ब्लॉक मिळवायला खेटे घालावे लागले, पण मिळाला. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या आणि मलाही दोन जणांच्या मायक्रोस्कोपवर बसवलं. गुलाबी पट्ट्यांमधून एकेक पेशी मुंग्यांच्या रांगेसारखी चाललेली. लोब्युलरच्या पेशींत एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन बहुतेक वेळा नसतं, त्यामुळे त्या गाठ न करता सुट्या-सुट्या पसरतात. जठरात गेल्या की अस्तराखाली शिरतात, भिंत कडक होते आणि वरून सगळं ठाकठीक दिसतं. पहिली बायोप्सी नॉर्मल का आली ते तेव्हा कळलं. पण जठराच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्येही हे प्रथिन नसतं, म्हणजे एवढ्यावर निकाल लागत नाही.

निकाल लागला आयएचसीवर, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखायच्या तपासणीवर. स्तनाकडे बोट दाखवणारे ईआर (इस्ट्रोजेन हॉर्मोनचा रिसेप्टर) आणि गाटा-३ पॉझिटिव्ह, पोट-आतड्यांच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा दिसणारे सीडीएक्स-२ आणि सीके-२० निगेटिव्ह. आजार स्तनाचाच, वर्षांनंतर जठरात उतरलेला. लोब्युलर प्रकार पोट-आतड्यांकडे जरा जास्तच वळतो म्हणे, आणि मधे कितीही वर्षं गेलेली असू शकतात.

या एका कागदाने उपचाराची दिशाच बदलली. जठर काढायचा बेत रद्द झाला, कारण रोग मुळात तिथला नव्हता. रक्तस्राव झाला किंवा वाट बंद झाली तर ऑपरेशनचा विचार होतो, एरवी अंगभर पोहोचणारं औषध. मावशीला हॉर्मोनचं औषध आणि सोबत सीडीके ४/६ (पेशींना विभागायला लावणारी प्रथिनं) रोखणारी गोळी सुरू झाली. आजार मुळातून जाणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मावशी म्हणाली, “गोळ्या चालतील मला. पोट राहू दे जागेवर.”

पाचवा तारा का कापला? रिपोर्ट खिडकीतून हातात दिला आणि पुढचा नंबर पुकारला. त्यातली भाषा पॅथॉलॉजिस्टने ऑन्कॉलॉजिस्टसाठी लिहिलेली, घरच्या माणसाने काय वाचायचं? आयएचसीला दिवस लागतात हे मान्य, पण तयार झाल्याचा साधा मेसेजही येत नाही. मॅडम भेटल्या त्या मी चिकाटीने थांबून राहिलो म्हणून.

जाणार असाल तर फॉर्मवर जुन्या कॅन्सरचा प्रकार ठळक लिहा, आणि ईआर, पीआर, हर-२ (स्तनाच्या कॅन्सरचं औषध ठरवायच्या तपासण्या) नव्या तुकड्यावर पुन्हा होणार का ते विचारा, कारण ते मधल्या काळात बदललेले असू शकतात. आणि ब्लॉक परत घेताना त्यावरचा नंबर तिथेच ताडून पाहा. आम्हाला आधी दुसऱ्याच कुणाची डबी दिली होती.