इलेक्ट्रिक स्मोकरमधला बकरा, बांगडा आणि बाकी बरंच काही

इलेक्ट्रिक स्मोकर, म्हणजे मांस-मासे मंद आचेवर धुरात शिजवायचं विजेचं कपाट, घ्यावा का, असं इथल्या, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या मराठी मंडळींकडून मला सारखं विचारलं जातं. एक रणरणता उन्हाळा आणि एक हिवाळा त्याच्यासोबत काढल्यावर माझं उत्तर तयार आहे: जरूर घ्या, पण धुराची वेगळी सोय करायची तयारी ठेवा. तापमान तो फार छान सांभाळतो. धूर द्यायला मात्र कमी पडतो, आणि ‘स्मोकर’ नावाच्या वस्तूबद्दल हे घेण्याआधीच माहीत असलेलं बरं.

आमचा ३० इंची आहे, छोट्या फ्रिजएवढा उभा. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण या किमतीतले, म्हणजे साधारण २०० ते ३०० डॉलरचे, सगळे स्मोकर आतून जवळपास सारखेच असतात. दुहेरी भिंतीचं, मधे उष्णतारोधक भरलेलं कपाट. तळाशी ८०० वॅटचं एलिमेंट, त्याच्यावर लाकडाच्या चिप्सचा छोटा ट्रे, त्यावर पाण्याचं भांडं, मग चार जाळ्या आणि वर धूर जायला झडप. तापमान १०० ते २७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ ते १३५ सेल्सिअस. पुढचे सगळे आकडे फॅरनहाइटमधलेच. बटण दाबून २२५ लावायचं आणि आत मीटिंगला जाऊन बसायचं. कोळशाच्या किंवा लाकडाच्या स्मोकरपाशी दर पाऊण तासाला विस्तव सारावा लागतो, हवेचं तोंड कमी-जास्त करावं लागतं. ते ज्यांना आवडतं त्यांनी तेच करावं. घरी लहान मुलं आणि आठवडाभर नोकरी असेल, तर ही बटणाची सोय मोठी आहे.

आता धुराचं. चिप्सचा ट्रे त्याच एलिमेंटवर तापतो, दुसरी उष्णता तिथे नाही. कपाट २२५ वर पोचलं की थर्मोस्टॅट एलिमेंट बंद करतो आणि चिप्सही गार पडतात. म्हणून सुरुवातीला भरपूर धूर येतो आणि पुढे तासन् तास काही नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात तर बाहेरच १०० अंश, त्यामुळे एलिमेंटला फारसं कामच उरत नाही आणि धूर आणखी कमी होतो. डिसेंबरच्या गार वाऱ्यात हाच स्मोकर कितीतरी चांगला धूर देतो. चिप्स पाण्यात भिजवून टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने आधी नुसती वाफ निघते आणि पाणी उडून गेल्यावर मग कुठे धूर सुरू होतो. कोरड्याच टाका.

माझं समाधान झालं ते पेलेट ट्यूबने. भोकं असलेली स्टीलची १२ इंची नळी, तीत लाकडाचे पेलेट्स (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) भरायचे, एक टोक टॉर्चने पेटवायचं, पाचेक मिनिटं जळू द्यायचं आणि फुंकून ज्योत विझवायची. मग ती उदबत्तीसारखी टोकाकडून धुमसत जाते आणि तीन-चार तास सलग धूर देते, एलिमेंट चालू असो वा बंद. तिला हवा लागते, म्हणून बाजूची चिप्स टाकायची नळी बोटभर बाहेर ओढून ठेवायची आणि वरची झडप पूर्ण उघडी. पेलेट्स खाद्यपदार्थांसाठीचेच घ्यावेत, घर गरम करायचे नव्हेत. धूर दिसायला पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर कोंडला तर मांसावर कडू थर बसतो आणि जिभेला मुंग्या आल्यासारखं होतं.

दुसरी गरजेची खरेदी म्हणजे दोन सळ्यांचा वेगळा थर्मामीटर: एक सळी मांसात, एक जाळीवर. आमच्या स्मोकरचा आकडा आणि जाळीवरचं खरं तापमान यांत बराच फरक निघाला, आणि कच्च्या मांसाच्या बाबतीत अंदाजावर जाऊन चालत नाही. थर्मामीटर तपासायची सोपी रीत आहे: उकळत्या पाण्यात २१२ दाखवायला हवं. उंचावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की डेन्व्हरला पाणी २०२-२०३ लाच उकळतं.

मला सगळ्यात आनंद दिला तो बकऱ्याच्या खांद्याने. बीफ आमच्या घरी खाल्लं जात नाही. पण ब्रिस्केटचं (गाय-बैलाच्या छातीच्या मांसाचं) जे शास्त्र, तेच बकऱ्याच्या खांद्याला लागू पडतं. खूप चाललेला स्नायू, त्यात भरपूर कोलॅजेन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन. ते हळूहळू विरघळून जिलेटिन झालं की चिवट मांस बोटाने सुटतं. फरक इतकाच की बकऱ्याच्या मांसात आतली चरबी फार कमी, त्यामुळे शेवटपर्यंत उघडं ठेवलं तर ते काष्ठ होतं. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं.

हलालवाल्याकडून हाडासकट अख्खा खांदा आणायचा, चार-पाच पौंडांचा. तुकडे करू द्यायचे नाहीत. तो सवयीने सुरा उचलतो, आधीच सांगावं लागतं. आदल्या रात्री मीठ, हळद आणि मिरपूड चोळून जाळीवर, न झाकता, फ्रिजमध्ये. सकाळी पृष्ठभाग कोरडा, किंचित चिकट झालेला असतो, त्याला धूर चांगला धरतो. वर तेलाचा हात फिरवायचा आणि २५० वर तीन तास, ट्यूबमध्ये हिकरी किंवा ओकच्या लाकडाचे पेलेट्स. पाण्याचं भांडं मी कोरडंच ठेवते, फक्त फॉइल लावून. या कपाटात हवा आधीच कमी खेळते, त्यात पाण्याची वाफ धरली की वरची खमंग साल तयारच होत नाही. कांदा-लसूण मसाला या टप्प्यात घालत नाही, कारण तिखट उघड्यावर काळवंडून कडवट होतं.

आतलं तापमान १६० च्या पुढे गेलं की खांदा खोल ट्रेमध्ये: खाली उभा चिरलेला कांदा, आलं-लसणाचं वाटण, आता कोल्हापुरी मसाला, आणि पेलाभर अळणी (मटणाचं पातळ सूप). फॉइलने घट्ट झाकून आणखी अडीच-तीन तास. २०० च्या आसपास सळी लोण्यात शिरावी तशी शिरते आणि फऱ्याचं हाड धरून ओढलं की स्वच्छ निघून येतं. ट्रेमध्ये खाली जो रस राहतो तो तांबड्या रश्श्यात घालायचा. आमच्या सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. बाहेरच्या कपाटाबद्दल त्यांना पहिल्यापासून शंका होती, पण रश्श्याची वाटी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. कोळशाचा निखारा ठेवून, तूप सोडून दिलेला धुंगार वर वर राहतो. हा धूर मांसात आणि मग रश्श्यात उतरलेला असतो.

पोर्कचा खांदा, ज्याला इथे बॉस्टन बट म्हणतात, तो या यंत्रासाठी सगळ्यात सोपा. चरबी भरपूर, त्यामुळे चूक पोटात घालतो. २२५ वर दर पौंडाला दीड ते दोन तास धरा. साधारण १५०-१६० ला तापमान अडकतं आणि काटा तासन् तास हलत नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, घामाने अंग गार होतं तसंच. घाबरून तापमान वाढवत बसू नका, फॉइलमध्ये किंवा बुचर पेपरमध्ये (मांस बांधायच्या जाड कागदात) गुंडाळा, तो पुढे सरकतो. २०० च्या पुढे गेला की काढून तासभर टॉवेलात मुरू द्यायचा. पावात भरून, वर बारीक कांदा आणि लिंबू. आमच्याकडे एरवी पोर्कला नाक मुरडणारेही हे खातात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऑस्टिनपासून तीसेक मैलांवर लॉकहार्ट आहे, १९९९ मध्ये टेक्सासच्या विधानसभेने ज्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलं. तिथल्या पोस्ट ओकच्या जळत्या ओंडक्यांवरच्या मांसाची चव या कपाटातून येत नाही. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांमध्येही विजेवर शिजवलेलं चालत नाही, विस्तव लाकडाचा, पेलेट्सचा किंवा कोळशाचाच लागतो. मांसाच्या कडेचा तो गुलाबी पट्टाही विजेवर जवळपास येत नाही. जळणाऱ्या लाकडातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) धरून बसतो तेव्हा तो पट्टा उमटतो, आणि इथे तसं ज्वलन फारसं नसतं. पण त्या पट्ट्याला चव नाही. त्याच्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

चिकनबद्दल इथल्या लोकांची एकच तक्रार असते, कातडी रबरासारखी होते. २७५ च्या वर यंत्र जातच नाही, त्यामुळे ती कुरकुरीत होणं शक्य नाही. आपण कातडी काढूनच चिकन करतो, त्यामुळे आपला प्रश्न तिथेच मिटला! दही, आलं-लसूण, तिखट लावलेल्या तंगड्या २७५ वर लावा, सफरचंदाच्या लाकडाचा धूर द्या. कोंबडीला १६५ अंश हा सुरक्षित आकडा आहे, पण तंगडी १७५-१८० पर्यंत नेली तर हाडाजवळ जास्त मऊ लागते. कातडीशिवायचं ब्रेस्ट मात्र यात घालू नका, कोरडं होतं.

कोकणातल्या आणि गोव्याच्या वाचकांसाठी बांगडा. मासा जितका तेलकट तितका धूर छान धरतो, आणि बांगड्याइतका योग्य मासा मला दुसरा मिळाला नाही. भारतीय किंवा व्हिएतनामी दुकानात गोठवलेला मिळतो. पूर्ण वितळू द्यायचा, पोट साफ करून लिटरला ८० ग्रॅम मिठाच्या पाण्यात तासभर. मग धुऊन, पुसून जाळीवर पंख्याखाली, वर चकचकीत, हाताला किंचित चिकटणारा पापुद्रा येईपर्यंत. ही पायरी गाळली तर धूर नीट बसत नाही आणि पांढरे ओघळ येतात. आधी १४० वर थोडा वेळ, मग २०० वर, आतलं तापमान १४५ होईपर्यंत. बाहेरून तांब्याच्या रंगाचा होतो, आतून ओलसर. गरम भात, सोलकढी आणि हा बांगडा. उरला तर काटे काढून, कांदा, ओलं खोबरं आणि चिंचेचा कोळ घालून किसमूर करा. सुकटीच्या किसमूरपेक्षा मला हे आवडतं.

पण हा सुका मासा नव्हे. असा धुरावलेला मासा टिकाऊ समजून बाहेर ठेवला किंवा हवाबंद पिशवीत घालून कपाटात ठेवला तर जिवाशी खेळ आहे, बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेची भीती असते. लगेच फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा. मांसाच्या बाबतीतही ४० ते १४० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा. गोठलेला तुकडा कधीच थेट स्मोकरमध्ये टाकू नका, तो या पट्ट्यात फार वेळ राहतो. थँक्सगिव्हिंगचा टर्कीही आत सारण न भरताच धुराला लावायचा.

वांग्याचं भरीत यात होत नाही. वांगं शिजतं, पण साल करपत नाही, आणि भरताची चव त्या करपण्यात आहे. गॅसवरच भाजा. याउलट हिरव्या मिरच्या आणि लसूण तासभर धुरात ठेवून केलेला ठेचा एकदा करून बघाच, आणि टोमॅटोचं सारही.

आता तक्रारी. समोरचा डिजिटल पडदा दुपारच्या उन्हात दिसत नाही, हात आडवा धरून वाचावा लागतो. दाराचं रबर एका कोपऱ्यात बसत नव्हतं, तिथून धूर गळायचा; खाद्यासाठी चालणारं, उष्णता सोसणारं सिलिकॉन लावून ते बंद केलं. पावसाळी हवेनंतर बाहेरचा जीएफसीआय सॉकेट (वीज गळली की आपोआप बंद होणारा) दोनदा उडाला, कारण एलिमेंटमध्ये दमट हवा शिरते. आता कोरड्या जागी, आच्छादनाखाली ठेवते. सगळ्यात गंभीर म्हणजे मागच्या बाजूला एलिमेंटची वायर जोडते तो क्लिपचा सांधा काळा पडलेला दिसला. कंपनीने भाग फुकट पाठवला, पण फोनवर बराच वेळ ताटकळत ठेवलं. तुमच्याकडे कोणताही असो, प्लग काढून, मागची पट्टी उघडून हा सांधा मधूनमधून बघत जा. आणि साध्या बारीक एक्स्टेंशन कॉर्डवर हे यंत्र कधीही लावू नका.

विजेचं बिल नगण्य. ८०० वॅट बारा तास अखंड चालले तरी ९.६ युनिट, आणि थर्मोस्टॅटमुळे एलिमेंट मधेमधे बंदच असतं. सफाई मात्र दर वेळी करावी लागते: जाळ्या आणि ठिबकणाऱ्या चरबीचा ट्रे गरम पाणी-साबणाने, त्याच दिवशी. आतल्या भिंतींचा काळा लेप खरवडू नका, पण दाराच्या रबरावरचा ओशट थर पुसा. बंद करून आठवडेच्या आठवडे तसाच ठेवला तर आत बुरशी धरते. तसं झालंच तर जाळ्या धुऊन, रिकामा स्मोकर तासभर २७५ वर चालवून, मगच पुढचं मांस लावा.

सुट्टीला जाताना घरच्यांसाठी एक घेऊन जावा असा विचार अनेकांच्या मनात येतो. इथला स्मोकर १२० व्होल्टचा, भारतात वीज २३० व्होल्टची. थेट लावला तर एलिमेंट जळेल, आणि ८०० वॅट पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग. त्यापेक्षा ती पेलेट ट्यूब घेऊन जा. झाकणाच्या कोणत्याही शेगडीत, निखारे एका बाजूला आणि बांगडा दुसऱ्या बाजूला ठेवून ती तितकंच काम देते.