पुट ऑफ, पोस्टपोन की प्रोक्रॅस्टिनेट?

ऑफिसच्या मेलमध्ये काहीतरी पुढे गेल्याचं कळवायचं असेल, तर डोळे झाकून ‘पोस्टपोन’ घ्या. त्यात कुणी आळस केला असा सूर नसतो, आणि नवी तारीख लिहिली की विषय संपला: ‘द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड टु फ्रायडे’. उलट बाजूचा ‘प्रीपोन’ भारतात खुशाल वापरा. लंडनच्या क्लायंटला मात्र ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहिलेलं बरं.

‘पुट ऑफ’ हा बोलण्यातला गडी. मीटिंगही पुट ऑफ होते, पण माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा त्यात चालढकलीची कबुली असते. ‘आय कीप पुटिंग ऑफ द डेंटिस्ट’ म्हणजे दाढ ठणकतेय, तरी अपॉइंटमेंट काही घेतलेली नाही. आपली गाडी अडते ती पुढच्या क्रियापदाशी. ‘आय पुट ऑफ टु कॉल हिम’ चूक, ‘आय पुट ऑफ कॉलिंग हिम’ बरोबर. पोस्टपोनलाही हाच नियम. ‘इट’ आलं तर ते मधेच बसतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही. आणि तिथे इंग्रजी ‘मी’ (me) बसवलं की अर्थच बहुधा पालटतो: ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासानेच जेवणावरची इच्छा गेली.

‘कॉल ऑफ’शी तर अजिबात गल्लत नको. लग्न पुट ऑफ झालं तर मुहूर्त पुढे गेला. कॉल ऑफ झालं तर मोडलं!

‘प्रोक्रॅस्टिनेट’ म्हणजेही चालढकल करणं, पण शब्द वजनदार वाटतो म्हणून लोक तो कुठेही चिकटवतात. ‘आय प्रोक्रॅस्टिनेटेड द रिपोर्ट’ कानाला खटकतं. ‘आय प्रोक्रॅस्टिनेटेड’ एवढ्यावर थांबा, नाहीतर ‘ऑन द रिपोर्ट’ म्हणा. माझं मत विचाराल तर रोजच्या बोलण्यात ‘पुट ऑफ’च बरा.

‘दे आर ड्रॅगिंग देअर फीट’ हा सरळ वेळकाढूपणाचा आरोप आहे. बॉसला किंवा क्लायंटला लिहिण्याआधी दोनदा विचार करा. ‘ऑन द बॅक बर्नर’ सौम्य: काम सोडलेलं नाही, सध्या मागे ठेवलंय.

‘टेबल’ हे क्रियापद मात्र टाळाच. ब्रिटिशांकडे त्याचा अर्थ विषय चर्चेला घेणं, अमेरिकनांकडे तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात यावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची चांगलीच जुंपल्याचं चर्चिलने नोंदवून ठेवलंय. दोघांनाही विषय लगेच चर्चेला हवा होता.