रशियन यादवीतल्या नोटांचा लॉट: रेशमासाठी घ्या, बाकीचं बघून घ्या

‘रशियन यादवी, प्रादेशिक नोटा’ (म्हणजे यादवीच्या काळात ठिकठिकाणच्या सत्तांनी काढलेल्या) असा लॉट एका ऑनलाइन डीलरकडून मागवला. नोटा अस्सल आहेत, भावही जास्त नाही. पण लॉट फुगवलाय.

पैसे वसूल झाले ते एका नोटेत. मध्य आशियातल्या खिवा शहराची नोट, खानाची सत्ता गेल्यावर आलेल्या ख्वारझम प्रजासत्ताकाच्या काळातली, चक्क रेशमावर छापलेली. चांगल्या कागदाची टंचाई आणि रेशीम घरचं, म्हणून खानाच्या अमदानीतच तिथे हे सुरू झालं होतं. लाकडी ठशांनी छापायचे. बोट फिरवलं की आडवा-उभा धागा जाणवतो, ठशाच्या कडेला रंग फुटलाय, एका बाजूचे दोरे सुटलेत. डीलरने ‘एक्सएफ’ (जवळजवळ नवी) असा दर्जा लावलाय, मी ‘व्हीएफ’च्या (वापरलेली, पण चांगली) वर जाणार नाही. तक्रार मात्र नाही.

दुसरी दक्षिण रशियातल्या रोस्तोवची 1918ची 250 रुबल. पेत्रोग्रादहून (आजचं सेंट पीटर्सबर्ग) रोकड येईना, तेव्हा तिथल्या स्टेट बँकेच्या शाखेने स्वतःच नोटा काढल्या. हिच्यावर नेपोलियनशी लढलेला कोसॅक सरदार प्लातोव आहे. घडी एकच, स्टेपलचं भोक नाही. आपल्याकडच्या जुन्या नोटा गोळा करणाऱ्याला याचं अप्रूप कळेल! बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या जनरल देनिकिनची 1919ची हजाराची नोटही आहे. तिच्यावर क्रेमलिनमधली अजस्र घंटा, आणि मॉस्को तर कायम बोल्शेविकांच्या ताब्यात.

आता राग. लॉट भरायला दोन ‘केरेन्की’ घातल्यात. त्या केरेन्स्कीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या नोटा, पेत्रोग्रादच्या हंगामी सरकारच्या, 1917च्या, प्रादेशिक कशा? ना नंबर, ना सही, ना साल. अख्ख्या तावातून कापून वापरायचे. माझ्या एकीची कड तिरकी कापलीय. ढिगाने मिळतात.

ज्या नोटेसाठी जीव टाकला होता, ती आलीच नाही. मध्य आशियातल्या सेमिरेच्ये प्रांताची 1918ची नोट, व्हेर्नीची, म्हणजे आजच्या अल्माटीची. बँकेत साठवलेली अफू या नोटेला तारण आहे, असं तिच्यावरच छापलेलं असतं. जाहिरातीच्या फोटोत ती होती. विचारलं तर म्हणे, ‘फोटो नमुन्यादाखल आहे.’

पॅकिंग पीव्हीसीच्या पाकिटांत. आल्या आल्या बदला, रेशमाची तर आधी. आपल्या पावसाळ्यात ते प्लास्टिक चिकट होतं.

पाचपैकी तीन तारे. घेणार असाल तर नोटांची यादी आधी लेखी मागा. केरेन्कींचे पैसे परत मागितलेत, अजून उत्तर नाही.