आठ महिने श्री. ना. पेंडशांसोबत

गेल्या गणपतीत दापोलीला आत्याकडे होतो. लाइट गेलेली, मोबाइल मान टाकलेला. फडताळात श्री. ना. पेंडशांची कादंबरी 'गारंबीचा बापू' सापडली, पाठ उसवलेली. वेळ काढायला म्हणून उचलली, आणि दुसऱ्या दिवशी आरतीला मला तीन हाका माराव्या लागल्या.

खरं सांगतो, श्री. ना. पेंडसे म्हणजे नारळी-पोफळीचं गुळचट कोकण, वडिलांच्या पिढीचं वाचन, असा माझा ठाम समज होता. १९५२ सालच्या या पुस्तकाने तो एका रात्रीत मोडला. गाव सुंदर आहे, पण माणसं एकमेकांच्या मुळावर उठलेली. पाणक्याचा पोरगा बापू खोताला भीक घालत नाही, राधेशी असलेलं नातं लपवत नाही आणि पुढे सुपारीच्या व्यापारात उभा राहतो. आत्या म्हणाली, "अरे, हे आपल्या आसूदकडचंच." मग तिथल्या केशवराजच्या देवळात गेलो. पोफळींच्या गर्द सावलीतून वर चढताना हा बापू कुठेतरी कुदळ टाकून उभा असेल असं वाटत राहिलं.

मुंबईला परतल्यावर 'रथचक्र' घेतली. हिला १९६३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण मी घेतली ती नायिकेमुळे. तिला नावच नाही, नुसती 'ती'. मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाच्या घरातून बाहेर पडते. ही मी लोकलमध्ये वाचायला नको होती. दादरला उतरायचं राहिलं.

'तुंबाडचे खोत'ला मात्र तीन महिने लागले. दोन जाडजूड खंड, उभ्याने एका हातात धरवत नाहीत, तेव्हा घरीच वाचा. पहिली पन्नास पानं नावांत गुदमरायला होतं. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे वंशावळ काढली आणि गाडी सुरळीत चालली. जगबुडी नदीच्या काठचं ते घराणं पिढ्यान्‌पिढ्या कसं फुगतं आणि कसं पोखरलं जातं, हे इतक्या सावकाशीने सांगितलंय की नंतर कुठलीही अडीचशे पानी कादंबरी मला घाईत लिहिल्यासारखी वाटू लागली. ('तुंबाड' सिनेमा बघून पुस्तकाकडे वळणाऱ्यांनो, नाव सोडलं तर त्या भुताचा इथे काही संबंध नाही.)

सगळंच जमलं असं नाही. 'ऑक्टोपस' मी अर्ध्यावर सोडली. कधीकधी पात्रं एकदम भारदस्त बोलायला लागतात, नाटकात उभी असल्यासारखी. मागवलेल्या एका प्रतीत सोळा पानं दोनदा बांधलेली होती, पण तो दोष काही लेखकाचा नाही.

याच माणसाने 'लव्हाळी'त मुंबईतल्या कारकुनाची रोजनिशी लिहिलीय, हे कळल्यावर मी चाट पडलो. स्वतः मुर्डीत जन्मले, नोकरी केली मुंबईत, बेस्टमध्ये. म्हणजे दिवसा बसगाड्यांचं ऑफिस आणि डोक्यात जगबुडी! माझं ऑफिसही तसंच रटाळ आहे, पण मी घरी येऊन फक्त भांडी घासतो.

नव्याने सुरू करणाऱ्याने 'बापू'पासूनच करावी. 'खोत' पावसाळ्यासाठी राखून ठेवा.

सध्या 'हद्दपार' चालू आहे. आत्याची प्रत अजून माझ्याकडेच आहे. तिचा फोन आला की मी आधी आंब्याची चौकशी करतो.